घोरण्याचा पुरावा

हात धुण्याच्या नळापाशी सर्जनने ती बातमी दिली. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत फेसाने भरलेले होते, त्यामुळे नेहमीप्रमाणे तिच्या खांद्यावर थाप मारता आली नाही, एवढीच काय ती त्या सकाळची जमेची बाजू. "तिसरी केस तुमच्या दादांची. डाव्या खुब्याचा सांधा बदलायचाय. मुद्दामच आधी बोललो नाही. हट्ट धरून बसले होते हो, भूल माझी बहीणच देईल, नाहीतर ऑपरेशनच नको." तो हसला. तिने कोपराने नळ बंद केला. जवळच्या नात्यातल्या माणसाला आपण भूल देऊ नये असा तिच्या व्यवसायात संकेत आहे, आणि त्याचे कारण असे सांगतात की मायेने हात कापतो. तिचा हात कापणार नव्हता. मायेखेरीज दुसरे काही हाताला विलक्षण स्थिर करू शकते, ही शक्यता संकेत घालून देणाऱ्यांनी विचारात घेतलेली दिसत नव्हती. "तुम्हाला नको असेल तर बदलतो," सर्जन म्हणाला. "कशाला बदलायचं?" ती म्हणाली, आणि आपण इतक्या चटकन का म्हणालो याची नोंद तिने मनात करून ठेवली. कारण मात्र कोरे सोडले.

गेली कित्येक वर्षे बहीणभावांचे बोलणे म्हणजे कुणाच्या लग्नात समोरासमोर आल्यावर एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी. तिकडे जेवणाच्या रांगेत तो पुढे असेल तर ती मागे थांबे. भांडण असे कुणी म्हटले नसते. भांडणाला निदान आवाज असतो. आता तो ऑपरेशनच्या आधी थांबण्याच्या खोलीत, मागून उघड्या हिरव्या झग्यात, उशी डोक्याखाली नीट न बसल्यामुळे मान अवघडून पडला होता. मान जाड झाली होती. तिने ती आधी भूलतज्ज्ञ म्हणून पाहिली, आणि मग आपण ती फक्त भूलतज्ज्ञ म्हणूनच पाहिली काय, हा प्रश्न मागाहून आला. "काय शंके," तो म्हणाला. लहानपणापासून ती प्रत्येक गोष्टीवर शंका काढी म्हणून त्याने ठेवलेले हे नाव. ते वापरणारा आता तो एकटाच उरला होता. "नाव सांगा तुमचं," ती म्हणाली. "माझं? तुला माहीत नाही?" "नियम आहे. सगळ्यांना विचारतो." त्याने आडनावासकट नाव सांगितले, वर्गात हजेरी द्यावी तसे. "कुठली बाजू?" "डावी. तू सायकल घातली होतीस तीच." "ती उजवी होती." "पाय माझा आहे ना? डावी." तिला उजवीच आठवत होती, सायकलचे चाक, खरचटलेली उजवी मांडी, त्यावर आईने लावलेले जांभळे औषध, सगळे स्वच्छ दिसत होते. झग्याखालून डाव्या मांडीवरचा जुना पांढरा वण डोकावत होता. ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

"घोरतोस का?" "नाही." "वहिनी काही म्हणतात?" "ती पुष्कळ म्हणते. हे नाही म्हणत." "दिवसा डुलक्या येतात?" "निवृत्त माणूस दिवसा दुसरं काय करतो?" रक्तदाबाची गोळी चालू होती, मान जाड होती, वय होते, मूत्रपिंडे जरा सुस्त होती; हे वगळता बाकीच्या तपासण्या कागदावर चांगल्या होत्या. झोपेत ज्यांचा श्वास अडतो अशा लोकांना ओळखण्यासाठी जे प्रश्न विचारतात, त्यांत तो बरोबर मधोमध बसत होता. एक उत्तर इकडे गेले तर धोका, तिकडे गेले तर नाही. मग त्याने स्वतःच विषय काढला. "ऐक ना. रात्रीचं दुखणं नको बघ. तुझा सर्जन म्हणाला, तू पाठीतल्या भुलेतच काहीतरी मिसळतेस, मग दुसऱ्या सकाळपर्यंत माणूस गार. तेच दे मला." "बघते." "बघू नकोस गं. दे."

तो ज्याला 'काहीतरी' म्हणत होता ते मॉर्फिन. पाठीच्या मणक्यांमधून सोडलेली भूल कमरेखालचे शरीर दोन-तीन तास गैरहजर करते आणि मग दुखणे परत हजर होते. पण त्याच सिरिंजमध्ये मॉर्फिनचा एक नगण्य अंश मिसळला, तर भूल उतरल्यावरही दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत दाराबाहेर थांबते. या इस्पितळात ही पद्धत तिने आणली होती. तेव्हाच्या वरिष्ठांनी नाके मुरडली होती, आणि तिने सभेत उभे राहून, हातात आकडे घेऊन, एकेकाचे नाक सरळ केले होते. किंमत असते हे तिने कधी लपवले नव्हते: नाकाचा शेंडा खाजतो, उलट्या होतात, लघवी अडते, आणि फार क्वचित, कित्येक तासांनी, सगळे निर्धास्त झाल्यावर, श्वास मंदावत जातो. झोपेत ज्याचा श्वास मुळातच अडतो त्याच्या बाबतीत हे 'क्वचित' इतके क्वचित राहत नाही. शिरेतून दिलेले औषध थोडे थोडे देता येते, हवे तेव्हा थांबवता येते. पाठीत सोडलेले परत काढता येत नाही. ती शिकाऊ डॉक्टरांना सांगत असे की श्वास थांबल्यामुळे जेवढी माणसे मेली नसतील त्याच्या हजारपट माणसे श्वास थांबेल या डॉक्टरांच्या भीतीमुळे तळमळली आहेत. हे वाक्य आकड्यांनी सिद्ध करता आले नसते. तिच्या सगळ्या वाक्यांत तेवढेच एक पुराव्याशिवायचे होते, आणि ते कुठून आले हे तिला नेमके ठाऊक होते.

ते बाबांच्या खोलीतून आले होते. बाबा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रसायनज्ञ होते. पेला उजेडाकडे धरून 'स्वच्छ दिसतं म्हणजे स्वच्छ असतं असं नाही' म्हणण्याची त्यांची सवय, आणि दोन्ही मुलांनी ती उचललेली, एकाने पुलांच्या बाबतीत, दुसरीने माणसांच्या. त्यांच्या मणक्यात जेव्हा कॅन्सर उतरला तेव्हा ती दुसऱ्या शहरात भूलशास्त्र शिकत होती आणि दादा घरी होता, म्हणजे घर दादाचे होते. ती रजा घेऊन आली तेव्हा बाबा दातांमधून एक बारीक आवाज काढत होते, रिकाम्या वर्गात कुणी बाक ओढत न्यावे तसा, आणि तो आवाज बाबांचा आहे हे तिला खोलीत जाईपर्यंत कळले नव्हते. तिने मॉर्फिन सुचवले. घरच्या डॉक्टरांची तयारी होती. दादा दारात उभा राहिला, दोन्ही हात चौकटीवर टेकून. "त्याने श्वास थांबतो हे तुमच्याच पुस्तकात आहे ना?" "दादा, डोस नीट दिला तर नाही थांबत." "शंभर टक्के?" "शंभर टक्के असं कशातच नसतं." "मी शंभर टक्क्यांवर दुप्पट भार धरून पूल बांधतो. आणि तू मला बाबांच्या बाबतीत अंदाज सांगतेस? अजून शिकतेस तू." "ते तळमळतायत." "शुद्धीत आहेत. मला ओळखतायत." खरी गोष्ट तीच होती: बाबा त्याला ओळखत होते आणि त्याला ते हवे होते. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तो पलंगाशी बसून विचारी, 'मी कोण?' आणि दात आवळून ते त्याचे नाव सांगत. तेवढ्यापुरता तो बारीक आवाज थांबे. तिला वाटे, माणसाला एवढ्यासाठी जागे ठेवलेय. ते अखेरपर्यंत जागे होते. नंतर लोक कौतुकाने म्हणत, शेवटपर्यंत शुद्ध होती हो, आणि दादा मान हलवी.

आता शुद्धीसाठी अडून बसलेला तोच माणूस तिच्याकडे गुंगी मागत होता. यात काव्यात्म न्याय आहे असे एखाद्याने म्हटले असते. तिला काव्यात्म गोष्टींचा तिटकारा होता. तिला प्रश्न साधा आणि किळसवाणा दिसत होता. मॉर्फिन न देणे हा जर शुद्ध वैद्यकीय निर्णय असेल तर तो तिने घ्यायलाच हवा, आणि जर तो सूड असेल तर तिने तो घेता कामा नये. आणि दोन्हींत सिरिंज अगदी सारखीच दिसणार होती. याउलट, मी सूड घेणारी नाही हे स्वतःला दाखवण्यासाठी ती मिसळायची, आणि पहाटे त्याचा श्वास अडायचा, हा तर सुडाचाही बाप. मग तिला लहानपणीची दोघांची खोली आठवली. तिचा पलंग भिंतीकडे, त्याचा खिडकीशी. त्याचे घोरणे, करवतीसारखे, आणि मध्येच ते थांबणे. संपूर्ण शांतता. ती अंधारात डोळे उघडे ठेवून वाट पाहत राही, आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा एक घोट, आणि पुन्हा करवत. म्हणजे श्वास अडत होता. म्हणजे धोका होता. म्हणजे मॉर्फिन नको. हे फार सुबक जमले होते. चार-पाच दशकांपूर्वीचे निरीक्षण, नोंद नाही, निरीक्षक अल्पवयीन आणि निरीक्षिताविषयी आज उघड वैरभाव बाळगणारा; असा पुरावा एखाद्या निबंधात आला असता तर तिने तो पहिल्याच वाचनात लाल शाईने कापला असता. आणि ही आठवण तिला आज, त्याने 'दे' म्हटल्यावरच झाली होती. बाजारात मागणी आली की माल येतो, तशी ती आली होती.

वहिनी बाहेरच्या लांब बाकावर, मांडीवर त्याचा चष्मा, दाढांची कवळी आणि पट्टा अशी एक पिशवी घेऊन बसली होती. "वहिनी, दादा घोरतो का?" वहिनीने तिच्याकडे असे पाहिले की जणू ती बिल घेऊन आली आहे. "इतक्या वर्षांनी भावाची चौकशी, आणि ती ही?" "भुलेसाठी लागतं." "मला काय माहीत. मी पलीकडच्या खोलीत झोपते." "का?" "दिवा लावून वाचते म्हणून." "त्याच्या घोरण्यामुळे नाही?" "तुझं काय म्हणणं आहे, तो घोरतो असं मी म्हणावं का? तसं सांग, तसं म्हणते." वहिनीने पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. "आमचं दार लावलेलं असतं," ती थोड्या सौम्यपणे म्हणाली, "आणि कानाचं म्हणशील तर माझा डावा आता नावालाच आहे. तू त्याला दुखू देऊ नकोस म्हणजे झालं. दुखलं की तो बोलत नाही. तेच वाईट."

भूलतज्ज्ञांच्या चहाच्या खोलीत एक प्रथा होती. तिला ते 'आंधळी केस' म्हणत. निर्णय अडला की पेशंटचे नाव न सांगता, आपले मत न सांगता, फक्त माहिती सांगायची, आणि समोरच्याने पहिला शब्द उच्चारायचा. तो शब्द मानायचा. स्वतःच्या कलाला फसवण्याचा हा उपाय तिनेच सुरू केला होता आणि त्याचा तिला अभिमान होता. खोलीत कासव बसला होता. सहकारी, हळू बोलणारा म्हणून कासव, पण सुईच्या बाबतीत खोलीतला सगळ्यात जलद. "आंधळी," ती म्हणाली. कासवाने बिस्किट बशीत ठेवले. तिने सांगितले: साठीच्या पुढचा पुरुष, खुब्याचा सांधा, पाठीतून भूल, मान जाड, रक्तदाबाची एक गोळी, मूत्रपिंडे जरा सुस्त, फुफ्फुसे ठीक. मग ती थांबली. इथपर्यंतचे सगळे खरे होते. पुढच्या शब्दाआधी तिला असे जाणवले की आपण जिन्याची पायरी नसलेल्या जागी पाय टाकतो आहोत आणि पाय टाकणार आहोतच. "घोरणं, हो. झोपेत श्वास अडतो, हो. मॉर्फिन?" "नको," कासव म्हणाला. क्षणाचाही विलंब नाही; याचे तिला वाईट वाटायला हवे होते, पण जे वाटले ते थंड पाण्यासारखे होते. कासवाने बिस्किट पुन्हा उचलले, चहात बुडवले आणि नियमाबाहेर जाऊन विचारले, "घोरतो म्हणून सांगितलं कुणी? हे लोक स्वतः कधी कबूल करत नाहीत." "घरच्यांनी," ती म्हणाली. हे खोटे नव्हते; तीही घरचीच होती. पद्धत निर्दोष होती. फक्त तिच्या तोंडाशी आलेली माहिती तिनेच गाळून, उकळून, हव्या त्या चवीची केली होती. बाबा पेला उजेडाकडे धरून पाहत तेव्हा त्यांना हेच म्हणायचे असे.

ऑपरेशनच्या टेबलावर त्याला कडेला बसवून, उशी मिठीत देऊन, पुढे वाकायला लावले. खांदे धरून सिस्टर समोर उभी होती. मागे उभ्या असलेल्या तिच्यापुढे आता फक्त पाठ होती. पाठीला चेहरा नसतो, म्हणून तिला हा व्यवसाय आवडत आला होता. माणसे चेहऱ्याने बोलून दमवतात, पाठ फक्त मणक्यांचे अंतर सांगते. पण ही पाठ बाबांची होती. तोच उतार, तीच मधली पन्हळ, उजव्या खांद्याखाली तोच मांसाचा उंचवटा. शेवटी शेवटी त्यांना कुशीवर वळवून पुसताना तिच्या हाताला लागलेला. तिने निर्जंतुक द्रवाचा बोळा त्यावरून फिरवला. पाठ थंडीने शहारली. "गार आहे," दादा म्हणाला. "हलू नकोस. पाठ बाहेर काढ." सिस्टरने बाजूच्या थाळीत सवयीप्रमाणे मॉर्फिनची कुपी मांडून ठेवलीच होती, मॅडमच्या खुब्याच्या केसमध्ये ती नाही असे कधी झाले नव्हते. सुई आत गेली, एकेक थर ओलांडत, आणि मग बोटांना तो परिचित हलका सुटकेचा भास झाला. सुईच्या मागच्या टोकाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब येऊन थबकला. "मॅडम, मॉर्फिन फोडू?" "नको." "नको?" सिस्टरचा आवाज मास्कआडूनही वर गेला. "पेशंट घोरतात. धोका आहे." "कोण घोरतं?" उशीत तोंड खुपसलेल्या आवाजाने विचारले. "हलू नकोस म्हटलं ना." तिने सिरिंज जोडली आणि नुसती भूल सोडली, संथपणे, जशी ती नेहमी सोडते. त्या वेळी तिला काय वाटत होते हे तिने शोधू पाहिले. काही सापडले नाही. हात विलक्षण स्थिर होता.

पाय गेले. थंड बोळा मांडीवर लागत नाही याची खात्री करून तिने सर्जनला मान डोलावली. मध्ये हिरवा पडदा. पलीकडे त्याचे शरीर, अलीकडे डोके, आणि डोके तिच्या वाट्याला. हातोडी सुरू झाली तेव्हा टेबलाबरोबर त्याची हनुवटी हलू लागली. "हे माझंच हाड ना?" "तुझंच." "काहीच कळत नाही. शेजाऱ्यांकडे काम चाललंय असं वाटतं." तो छताकडे पाहत राहिला. "मला सांग, मी घोरतो हे तुला कुणी सांगितलं?" "मी ऐकलंय." "कधी?" "एका खोलीत झोपायचो तेव्हा." तो हसला, पडद्यापलीकडून सर्जन ओरडला, "पोट हलवू नका साहेब." "अगं, तेव्हा माझे टॉन्सिल वाढले होते. ते काढल्यावर थांबलं की. शाळा संपली त्या सुट्टीत. तू मावशीकडे होतीस." हातोडीचे आवाज चालू होते. तिने मॉनिटरवरची हिरवी रेघ पाहिली, ऑक्सिजनचा आकडा पाहिला, सलाइनचे थेंब पाहिले. मग, अगदी आज्ञाधारकपणे, तिची स्मरणशक्ती पुन्हा कामाला लागली: मावशीकडून परत आल्यावर त्याचा घसा गुंडाळलेला होता, त्याला आठवडाभर आइस्क्रीम मिळत होते, तिला मिळत नव्हते म्हणून ती रडली होती. त्या आइस्क्रीमच्या अन्यायाचे तपशील तिच्याजवळ अगदी ताजे होते. म्हणजे हे तिला ठाऊक होते. आठवणीच्या त्याच कपाटात, करवतीच्या शेजारच्याच खणात होते, आणि सकाळी तिने एकच खण उघडला होता. "आता काय झालं?" त्याने विचारले. "काही नाही. टॉन्सिल काढले तरी वयानं पुन्हा घोरणं येतं माणसाला." हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होते. आज सकाळपासून ती जे जे बोलली होती ते सगळे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होते, आणि तरीही तिला दुसऱ्या कुणाकडून ते ऐकायला आवडले नसते.

संध्याकाळी ती निरीक्षणकक्षात गेली तेव्हा भूल उतरली होती. हे तिला त्याच्या पायाच्या बोटांवरून नव्हे, त्याच्या गप्प बसण्यावरून कळले. मूत्रपिंडांमुळे त्याला साध्या वेदनाशामकांतलेही निम्मे चालण्यासारखे नव्हते. जे चालते ते दिलेले होते आणि ते पुरे पडत नव्हते. पलंगाची कड त्याने मुठीत धरली होती. बोटांची पेरे पांढरी. "किती दुखतंय?" त्याने कड आणखी आवळली. "शून्य ते दहा सांग." "तुमच्या आकड्यांना पुरावा काय?" तो दातांमधून म्हणाला. तिने खुर्ची घेतली नाही. "दादा, मॉर्फिन मी पाठीतून दिलं नाही." "माहीत आहे. मी तिथंच होतो की." "धोका होता." "शंके," तो म्हणाला, आणि एक लाट अंगावरून जाऊ दिली, "मला सकाळीच माहीत होतं, तू देणार नाहीस." "मग मागितलंस कशाला?" "न मागता मिळालं नसतं, तर ते मोजलं गेलं नसतं. मागून मिळालं नाही की बरोबर बसतं." "काय बरोबर बसतं?" "दुसऱ्या कुणी दिलं असतं गं. त्या लोकांना काय माहीत. म्हणून म्हटलं, बहीणच हवी." त्याने डोळे मिटले. "बाबांना किती होत होतं ते कुणीतरी मला दाखवायला पाहिजे होतं. झालं. आता तू जा."

ती उभी राहिली. प्रथम तिला समजले, आणि मग तिला जो राग आला तो त्या सकाळच्या सगळ्या रागांपेक्षा स्वच्छ होता. म्हणजे ती सबंध दिवस स्वतःच्या मनाचा तळ ढवळत होती, प्रथा वाकवत होती, कासवाला फसवत होती, आणि हा माणूस कमरेखाली बधिर होऊन निवांत पडला होता, कारण उत्तर त्याने आधीच काढून ठेवले होते. कुठला खांब किती भार घेईल हे काम सुरू होण्याआधी ठरवण्याचा त्याचा धंदा. त्याने तिचा द्वेष तसाच मोजला, त्यावर आपले प्रायश्चित्त टेकवले, आणि खांब त्याच्या हिशेबाबाहेर तसूभरही गेला नाही. सूड तिचा होता असे ती समजत होती. तोसुद्धा त्याचाच होता. तिच्याकडून तो नुसती हमाली करून घेत होता. बाबांच्या दारात तो उभा राहिला होता तेव्हाही खोलीत काय होईल ते त्यानेच ठरवले होते, आणि आताही, झोपल्या झोपल्या, तोच ठरवत होता की कुणी किती दुखून घ्यायचे आणि मग कुणाला सुटल्यासारखे वाटायचे. "सिस्टर," ती म्हणाली, "मॉर्फिन आणा. शिरेतून, थोडं थोडं. मी देते." त्याने डोळे उघडले. "कशाला?" "पेशंटला दुखतंय." "मी मागितलं नाही." "म्हणून विचारते. दुखतंय का? हो किंवा नाही." "तू जा ना." "मी कुठेही जात नाही. आणि तू हो म्हटल्याशिवाय देणारही नाही. मी दारात उभी राहून ठरवणाऱ्यांतली नव्हे."

सिस्टर सिरिंज भरून आली आणि दोघांकडे आळीपाळीने पाहत उभी राहिली. सिस्टरच्या हातून घेऊन तिने सिरिंज उजेडाकडे धरली, बुडबुडा काढला आणि थांबली. थांबणे तिला जमत होते. माणसे गुंगीत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाट पाहण्यातच तिचे आयुष्य गेले होते. पुढची लाट आली तेव्हा त्याचा खालचा ओठ दातांखाली गेला. लाट ओसरली. त्याच्या कपाळावरचा घाम कानाकडे ओघळला आणि तिने तो पुसला नाही. मग आणखी एक आली, आणि तिच्या ऐन मध्यावर त्याच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला, आणि त्या आवाजाने तो स्वतःच दचकला. त्याने तिच्याकडे पाहिले, ओळखीचे माणूस नको त्या ठिकाणी भेटावे तसे. "हो," तो म्हणाला. "हो काय?" "दुखतंय." "देऊ?" सिस्टरने मान खाली घातली. "दे," तो म्हणाला, आणि तो शब्द बाहेर येताच त्याने उभारलेले सगळे काही, सगळी गणिते, मागणे आणि न मिळणे, जागच्या जागी खचले. हे तिने पाहिले आणि तिला त्यात निखळ सुख झाले. मग तिने औषध सोडले. थोडे. थांबून, श्वास पाहून, आणखी थोडे. पलंगाची कड धरलेली बोटे एकेक करून सुटू लागली, त्याच्या इच्छेविरुद्ध, शेवटी करंगळी. "फार हलकट आहेस तू," तो जड जिभेने म्हणाला. "माहीत आहे. झोप."

नियम असा होता की शिरेतून असे औषध देणाऱ्याने पेशंटचा श्वास स्थिर असल्याची खात्री होईपर्यंत पलंगाजवळून हलायचे नाही. नियम चांगला होता, तिचाच होता, आणि त्याने तिला आता त्या लोखंडी खुर्चीत बसवले होते. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेली. दादाचे तोंड किंचित उघडले. कवळी नसल्याने गाल आत गेले होते. जाड मान उशीत रुतली, हनुवटी मागे गेली. घोरण्यासाठी याहून अनुकूल स्थिती पुस्तकातही काढून दाखवता आली नसती. वय, मान, मॉर्फिन, उताणे झोपणे. तिने कान दिला. तिला कळत होते की आपण वाट पाहत आहोत, आणि कशाची तेही कळत होते: एक करवतीचा घरघराट, फक्त एक, मग ती शांतता आणि मग तो घोट. तेवढे झाले असते तर सकाळचा निर्णय निर्णय ठरला असता, कासवाला सांगितलेले खरे ठरले असते, आणि ती उठून घरी जाऊ शकली असती. एका माणसाचा श्वास अडावा म्हणून आपण त्याच्या उशाशी बसलो आहोत, हे वाक्य तिने मनात पूर्ण केले, तपासले, आणि त्यात चूक नाही असे तिला आढळले. श्वास येत होता आणि जात होता. हलका, एकसारखा, आवाज न करता, वाचता वाचता झोप लागलेल्या मुलासारखा.

वहिनी चपला हातात घेऊन आत आली. तिने आधी त्याच्या सुटलेल्या मुठी पाहिल्या आणि मग खुर्चीत पुढे वाकून बसलेल्या नणंदेला पाहिले, आणि तिचा चेहरा सकाळी होता तसा राहिला नाही. "अगं, किती वेळ अशी वाकून बसलीस त्याच्याजवळ? श्वास ठीक आहे ना?" "ठीक आहे." "मग जा आता. खात्री झाली ना?" वहिनी दुसऱ्या बाजूने आली, तिनेही वाकून आपला चांगला कान नवऱ्याच्या तोंडाशी नेला, आणि दोघी जणी त्याच्या दोन बाजूंना तशाच थांबल्या. "सकाळी विचारत होतीस ना," वहिनी कुजबुजली, "बघ, काहीसुद्धा ऐकू येत नाही."

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.